स्मृतिभ्रंशाचा सांभाळ: कोची ते गोवा

भारतात स्मृतिभ्रंश झालेली माणसे पूर्वीपासून घरातच सांभाळली गेली. हा आजार आहे, हे मात्र घराला फार उशिरा कळले. 'साठी बुद्धी नाठी' म्हटले की विषय संपत असे. फारच झाले तर आजोबांना म्हातारचळ लागला म्हणायचे आणि दाराला वरून कडी लावायची.

डॉक्टरांनाही हे लवकर उमगले असे नाही. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत ज्या रुग्णाची हकीकत मांडली ती बाई रुग्णालयात दाखल झाली तेव्हा जेमतेम पन्नाशी ओलांडलेली होती. त्यामुळे पुढची अनेक दशके 'अल्झायमर' हा मध्यमवयातला दुर्मीळ आजार मानला गेला आणि म्हातारपणातला विसर वेगळ्या खात्यात पडला. दोन्ही बहुतांशी एकच, हे मत १९७० च्या दशकात रुजले. तेव्हा कुठे रुग्णांची संख्या किती मोठी आहे ते दिसले आणि कुटुंबीयांच्या संस्था निघू लागल्या. ब्रिटनमधली अल्झायमर्स सोसायटी १९७९ ची, तर अशा राष्ट्रीय संस्थांचा महासंघ, म्हणजे 'अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल', १९८४ चा. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन १९९४ पासून पाळला जातो.

भारतातली सुरुवात केरळमध्ये झाली, आणि ती तिथे व्हावी याला कारण होते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढच्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर केरळात १२.६. तिथली माणसे जास्त जगत होती आणि मुले आखातात नोकरीला होती. त्रिशूर जिल्ह्यातल्या कुन्नमकुलमचे डॉ. जेकब रॉय कुरियाकोस हे खरे तर बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या वडिलांनाच हा आजार झाला. त्यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था उभी राहिली. दिवसभराची सांभाळ केंद्रे, सेवकांचे प्रशिक्षण आणि कुटुंबीयांच्या बैठका असे तिचे काम वाढले आणि इतर शहरांत शाखा निघाल्या.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची परिषद कोचीत भरली. तिथे मार्टिन प्रिन्स यांच्यासह काही संशोधकांनी '१०/६६' नावाचा गट स्थापला. जगातले ६६ टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत, पण लोकवस्तीत जाऊन केलेल्या संशोधनापैकी १० टक्केसुद्धा त्यांच्याविषयी नाही, ही तक्रार त्या आकड्यातच होती. भारतात अशा पाहण्या अगदीच नव्हत्या असे नाही. मुंबईत २४,४८८ लोकांची घरोघर पाहणी झाली आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ६५ वर्षांपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १.८१ टक्के आढळले. पाश्चात्त्य देशांपेक्षा हा आकडा खूपच कमी होता. आकडे जमत होते, पण घरात काय चालते ते त्यांतून कळत नव्हते.

ते कळले गोव्यातून. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात ज्येष्ठांशी, कुटुंबांशी, डॉक्टरांशी आणि आरोग्यसेविकांशी बोलून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे वर्णन ऐकवले की लोक लगेच ओळखत. असे माणूस आपल्या वाड्यावर आहे म्हणत. पण याला डॉक्टरची गरज आहे, असे कुणाला वाटत नसे. म्हणून प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांना हे रुग्ण क्वचितच दिसत, गावात फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना मात्र नेहमी दिसत. दुसरा निष्कर्ष जास्त बोचरा होता. हे सगळे मुलांनी हेळसांड केल्यामुळे, माया न दिल्यामुळे होते, अशी लोकांची समजूत होती. शिवाय सांभाळही पुष्कळदा घर-जमिनीच्या वाट्याच्या आशेवर टिकून होता. एकत्र कुटुंब म्हाताऱ्यांना सांभाळतेच, या आपल्या लाडक्या समजुतीला हा अहवाल परवडणारा नव्हता.

मुलांनी हेळसांड केली, या समजुतीचा भार कोण उचलते, हे रोजच्या प्रसंगातून दिसते. सासूबाईंनी अकरा वाजता वरण-भात खाल्लेला असतो. साडेअकराला शेजारीण डोकावते, तेव्हा त्या डोळ्यांत पाणी आणून सांगतात, सकाळपासून पोटात काही नाही. त्या खोटे बोलत नसतात. जेवण झाल्याची आठवणच राहिलेली नसते. शेजारणीला हे ठाऊक नसते आणि संध्याकाळपर्यंत वाड्यात सून बदनाम झालेली असते. मग सून लोकांना घरात घेणे टाळते, आणि जिथे चार माणसांचा हातभार हवा तिथे दार बंद होते. आजाराची माहिती शेजारापर्यंत नेणे हा म्हणूनच सांभाळाचा भाग ठरतो.

गोव्यातल्या अभ्यासाच्याच सुमारास त्रिशूरचे मानसोपचारतज्ज्ञ के. एस. शाजी आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. स्थानिक आरोग्यसेविकांना थोडक्यात प्रशिक्षण दिले आणि आपल्या भागात असे कोण आहे ते सांगायला सांगितले. त्यांनी दाखवलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना खरोखरच स्मृतिभ्रंश निघाला. मेंदूचे स्कॅन नाही, लांबलचक चाचणी नाही. घरोघर जाणाऱ्या बाईची नजर बरीचशी पुरी पडली.

पुढची पायरी गोव्यातच पडली. 'संगत' ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. अमित डायस यांच्या गटाने दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर घरपोच मदतीची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. मदत करणाऱ्या स्त्रिया परिचारिका नव्हत्या. स्थानिक भाषा येणे, लिहिता-वाचता येणे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी काम करण्याची इच्छा, एवढ्या अटीवर त्या निवडल्या आणि त्यांना आठवडाभर शिकवले. सहा महिने त्या निदान पंधरवड्यातून एकदा घरी जात. हा आजार काय आहे ते समजावणे, आंघोळीला नकार देणाऱ्याला किंवा रात्री उठून निघणाऱ्याला कसे हाताळायचे ते सांगणे, गरज पडल्यास डॉक्टरकडे पाठवणे, सरकारी योजनांची माहिती देणे आणि अशाच दुसऱ्या कुटुंबाशी गाठ घालून देणे, हे त्यांचे काम. पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ असे. सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि त्रास कमी झाला. रुग्णांच्या वागण्यात मात्र खात्रीने सांगण्याजोगा फरक पडला नाही. हा निकाल प्रामाणिक आहे आणि उपयोगीही: आजार हटत नाही, त्याच्याबरोबर राहणाऱ्याला मात्र तगवता येते.

लोकांच्या मनात हा आजार ठसवण्याचे श्रेय अहवालांपेक्षा चित्रपटांना द्यावे लागेल. २००५ या एकाच वर्षात हिंदीत 'ब्लॅक' आणि 'मैंने गांधी को नहीं मारा' आले, तर मल्याळममध्ये ब्लेसी यांचा 'तन्मात्रा'. त्यात मोहनलाल यांनी रंगवलेला सचिवालयातला नोकरदार डोळ्यांदेखत हरवत जातो; केरळात या आजाराचे नाव घराघरांत पोचवण्यात त्याचा वाटा मोठा. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) आला. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे प्राध्यापक हत्तीच्या मागे चालत हरवतात आणि माहुताचे कुटुंब, त्यांच्याविषयी काहीच माहीत नसताना, त्यांना सांभाळते. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सरकारी पातळीवर हालचाल मंद होती. 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी'च्या २०१० च्या अहवालाने देशात ३७ लाख रुग्ण असल्याचा अंदाज मांडला. २०१४ मध्ये केरळ सरकारने याच संस्थेबरोबर राज्यव्यापी उपक्रम हाती घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये जागतिक कृती आराखडा मंजूर केला. पुढे देशभरच्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीतून २०२३ मध्ये निघालेला अंदाज ८८ लाखांचा, म्हणजे साठीपुढच्यांतले ७.४ टक्के. आधीच्या आकड्याच्या दुपटीहून हा जास्त आहे, पण रुग्ण तेवढे वाढले असे त्यावरून म्हणता येत नाही. मोजण्याची रीतही बदलली होती.

महाराष्ट्रात २०११ मध्ये साठीपुढचे ९.९ टक्के होते. मुंबईत मोठ्या रुग्णालयांतली मेमरी क्लिनिक आणि काही दिवसभराची केंद्रे आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे मात्र शहरांपुरते नाही, आणि त्यांचा 'फेस्कॉम' हा महासंघ १९८० पासून काम करतो आहे. गावोगाव आशा सेविका आहेत. गोव्यात जे काम आठवड्याच्या शिक्षणावर उभे राहिले, त्यासाठी लागणारी माणसे इथे आधीच घरोघर फिरत आहेत. त्यांच्या नोंदवहीत बाळंतीण, बालक आणि क्षयरुग्ण असतात, स्मृतिभ्रंशाचा रकाना सहसा नसतो.