निरंक

बाबा तहसील कचेरीत होते. तक्त्यातला रकाना त्यांनी कधी कोरा सोडला नाही. काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं, आणि का नाही ते शेऱ्यात. मला ही निव्वळ सरकारी हौस वाटायची.

पुढे एका पतसंस्थेसाठी कोड लिहिताना मी घोळ घातला. खात्याची शिल्लक वाचता आली नाही तर ‘शून्य’ परत करायचं, असं लिहून मोकळा झालो. एका आजोबांच्या हातात शून्य शिल्लक छापलेला कागद पडला... त्यांचा चेहरा अजून आठवतो.

असो. माझ्याहून फार मोठी माणसंही इथेच घसरली आहेत. १९६५ साली टोनी होअर (क्विकसॉर्टवाले तेच) अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी काम करत होते. माहितीचा प्रत्येक पत्ता कंपायलरनेच तपासून सुरक्षित ठेवावा, हा त्यांचा हेतू. पण कुठेच न नेणारा ‘नल’ नावाचा पत्ता त्यांनी आत घेतला, का तर तो बसवायला सोपा होता. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी स्वतःच याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

एरियान ५ ची गोष्ट तर अंगावर येते. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू, पहिलंच उड्डाण. दिशा सांगणाऱ्या संगणकात ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावेना. ती चूक सांभाळणारा कोडच नव्हता, संगणक बंद पडला. जोडीचा राखीव संगणक त्याच कारणाने आधीच गेलेला. बंद पडताना त्याने बिघाडाची खूण असलेले बिट पाठवले, आणि मुख्य संगणकाने तीच उड्डाणाची माहिती समजून नोझल वळवले! चाळीसेक सेकंदांत चार उपग्रहांसह रॉकेटचे तुकडे. गंमत म्हणजे (गंमत कसली!) ते गणित उड्डाणानंतर लागणारही नव्हतं, एरियान ४ च्या कोडमधून तसंच आलं होतं. नुसत्या टाइपने रॉकेट वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण ‘उत्तर नाही’ हे उत्तरासारखंच दिसत होतं, हे खरं.

तोडगा तसा जुनाच. एडिनबरात रॉबिन मिल्नर आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात एमएल भाषा घडवली, त्या घराण्यात ‘ऑप्शन’ आला. हॅस्केलमध्ये तो ‘मेबी’ झाला. २०१५ साली रस्टची पहिली पक्की आवृत्ती आली, तिच्यात ऑप्शनही आहे आणि ‘रिझल्ट’ही. उत्तर जणू बंद डबीत मिळतं. डबी रिकामी निघाली तर काय करायचं, ते लिहिल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देत नाही. ‘अनरॅप’ म्हणून डबी फोडायची सोय आहे, आणि रात्री दोन वाजता मीही ती वापरतो, खोटं कशाला बोलू! पण रिकामी निघाली तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो, खोटं शून्य तरी छापत नाही.

परवा बाबांना ऑप्शनमधला ‘नन’ दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, “निरंक लिहिलंस, ठीक. शेरा कुठाय?”

मग रिझल्ट दाखवला.