गरज सरल्यानंतरचे औषध

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण मराठीत कृतघ्नपणाला उद्देशून वापरली जाते. परंतु तिच्यात मानवी वर्तनाविषयीचे एक मार्मिक निरीक्षणही दडलेले आहे. वेदना असेपर्यंत माणूस औषध घेतो. वेदना थांबली की औषधाची आठवणही थांबते. साध्या आजारात या स्वभावाने फारसे बिघडत नाही. क्षयरोगात मात्र तो प्राणावर बेततो. या स्वभावाचा शास्त्रीय कसोटीवर शोध घेण्याचा एक संस्मरणीय प्रयत्न मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, झाला.

रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली क्षयाचा जंतू शोधून काढला. पण त्यानंतर साठ वर्षे त्यावर खात्रीचे औषध नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती हाच उपचार मानला जाई, आणि त्यासाठी मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे उभी राहिली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन, पॅस आणि 1952 मध्ये आयसोनियाझिड ही औषधे हाती आली. रोग बरा होऊ लागला. पण खाटा थोड्या आणि रोगी अगणित. गरिबाने अंधाऱ्या, दाटीच्या खोलीत राहून उपचार घेतले तर तो बरा होईल काय, आणि त्याच्या मुलाबाळांचे काय होईल, हे प्रश्न उभे राहिले.

त्यांची उत्तरे शोधण्यासाठी 1956 साली मद्रासच्या चेतपेट भागात क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. शहरातील गरीब वस्तीतल्या 193 रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एक गट आरोग्यधामात गेला, दुसरा घरीच राहिला. औषधे दोघांनाही तीच. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर आरोग्यधामातील शेकडा 92 आणि घरच्या शेकडा 86 रोग्यांचा रोग शमला होता. घरच्या रोग्यांचे अन्न निकृष्ट होते, विश्रांती कमी होती; तरीही अंतर एवढेच पडले. त्यांच्या कुटुंबीयांनाही रोगाची अधिक बाधा झाली नाही, हे पुढील वर्षांच्या पाहणीत दिसून आले. तारक ठरले ते औषध, खाट नव्हे.

मात्र येथेच खरी अडचण उघड झाली. औषध पोटात गेले तरच ते तारणार! पॅसची मात्रा मोठी. तिने मळमळे, अन्न नकोसे होई. काही आठवड्यांत ताप उतरे, खोकला कमी होई, माणूस कामाला लागे. त्याच्या दृष्टीने आजार संपलेला असे. फुप्फुसातले जंतू मात्र जिवंत असत. अशा वेळी औषधात खंड पडला की उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असे. केंद्राचे कर्मचारी अवचित घरी जाऊन शिल्लक औषध मोजीत, लघवी तपासीत. ‘रोज घेतो’ असे सांगणारे सर्वचजण रोज घेत नव्हते. तेथे काम करणारे डॉ. वॉलेस फॉक्स यांनी 1958 साली या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला. रोग्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. केंद्राने उपचाराची पद्धतच तपासून पाहिली.

औषध घ्यायला लावणारी प्रेरणा म्हणजे दुःख. आणि ते तर रोगाच्या आधीच संपते. मग तिची जागा कोणी घ्यावी? उपदेशाने हे काम पुरते होत नाही. म्हणून केंद्राने आठवड्यातून दोनच वेळा, पण परिचारिकेच्या समक्ष औषध देऊन पाहिले. 1964 साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष घरी रोज आपल्या हाताने घेतलेल्या औषधापेक्षा उणे ठरले नाहीत. ठरलेला वार, ठरलेली जागा आणि वाट पाहणारे माणूस, एवढ्यावर नियमितपणा उभा राहिला.

घरगुती उपचाराचे तत्त्व 1962 च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने स्वीकारले. समक्ष औषध देण्याची पद्धत 1990 नंतरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारली, आणि 1997 पासून ती भारताच्या सुधारित कार्यक्रमात आली. तिच्यावर आक्षेपही आले, आणि ते रास्त होते. औषधासाठी ज्याची रोजची मजुरी बुडते, त्याला केवळ पहारा बसवून नियमित करता येत नाही. केंद्र घराजवळ हवे, वेळ सोयीची हवी, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात आपुलकी हवी.

चांगली सवय मनाच्या निग्रहातून येते, असे नीतिपाठ सांगतात. मद्रासच्या रोग्यांनी त्यात मोलाची भर घातली. निग्रह दुबळा पडण्याची वेळ बहुधा संकट ओसरल्यावर येते. आणि त्याच वेळी टेकू लागतो. तो टेकू लावणे ही एकट्या रोग्याची नव्हे, समाजाची जबाबदारी आहे.