वाळूयंत्रणा, विद्युत् एंजिनाची

चाके घसरू नयेत म्हणून रुळावर कोरडी वाळू सोडणारी एंजिनावरील यंत्रणा. वाफेच्या एंजिनांपासून चालत आलेली ही योजना कर्जत–लोणावळा घाटात, ३७ फुटांना १ फूट अशा चढावर, पावसाळ्यात विशेष लागते [→ बोरघाट]. वाळूपेटी, हवेची झडप व चाकापुढे रोखलेली नळी हे तिचे भाग. मुख्य शत्रू ओलावा : झाकणाचे रबर झिजले की पाणी शिरते, वाळूचे गोळे होतात, नळीचे तोंड बुजते. नळी वाकल्यास वाळू रुळाबाहेर पडते. मग पेटी भरलेली असूनही व्यर्थ. झडप गळल्यास पेटी रिकामी होते. देखभालीत चाळलेली, वाळवलेली वाळू भरतात व प्रवाह दोन्ही बाजूंनी प्रत्यक्ष पाहतात. चाके कातल्यावर नळी रुळाच्या अधिक जवळ येते, म्हणून तिची उंची पुन्हा जुळवतात. वाळूचा जाड थर मात्र चाक-रूळ विद्युत् संपर्क तोडतो आणि संकेतयंत्रणेला गाडीचा पत्ता लागत नाही [→ रेल्वे संकेतन].