ठोका कुणी द्यायचा?

‘जिटर’ हा शब्द संगीताच्या हौशी श्रोत्यांपर्यंत पोचला, त्याच्या कितीतरी आधी तो टेलिफोनच्या अभियंत्यांना छळत होता. १९६२ साली अमेरिकेत टी-१ ही अंकीय टेलिफोन वाहिनी सुरू झाली. बोलण्याच्या विद्युतलहरीची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजायची आणि ते आकडे स्पंदांच्या रूपात तारेतून पाठवायचे, अशी ती रीत. तारेत स्पंद क्षीण होत, म्हणून सुमारे ६,००० फुटांवर एकेक पुनर्जनक बसवलेला असे. तो आलेला स्पंद ओळखून नवा, ठसठशीत स्पंद पुढे धाडी. आकडा शाबूत राही. पण स्पंद नेमका केव्हा धाडायचा, हे तो आलेल्या स्पंदांवरूनच ठरवी. कवायतीत शिट्टीकडे लक्ष न देता प्रत्येक मुलगा पुढच्याचं पाऊल बघून चालला तर रांगेच्या शेवटी काय होतं, हे आपण मैदानावर पाहतोच. वेळेतली ही थरथर म्हणजे जिटर. ती साचत कशी जाते याचं गणित १९६३ साली बर्न, कॅराफिन आणि रॉबिन्सन यांनी मांडलं.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. आता आकडा अचूक, पण तो चुकीच्या क्षणी वापरला, तर काय बिघडतं? मुलांकडून आलेखाच्या कागदावर लहर काढून घ्या, समान अंतरावरच्या उंच्या लिहा, आणि त्याच उंच्या थोड्या पुढेमागे सरकवून पुन्हा मांडा. लहर वाकडी होते. चढ जितका तीव्र तितकी अधिक. २०,००० हर्ट्‌झच्या कमाल तीव्रतेच्या स्वरात शेवटच्या बिटाच्या निम्म्याहून जास्त चूक नको असेल, तर ठोका १२१ पिकोसेकंदांपेक्षा हलून चालत नाही. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा हिस्सा!

पुढे तबकडी वाचणारं यंत्र आणि आकड्यांचा आवाज करणारा रूपांतरक वेगवेगळ्या डब्यांत गेले. मधल्या एकाच तारेतून आकडेही जात आणि ठोकाही. म्हणजे टेलिफोनचीच गोष्ट पुन्हा. १९९२ साली ज्युलियन डन यांनी हा जिटर कसा मोजावा आणि किती चालवून घ्यावा, याची नीट मांडणी केली.

संगणकाच्या बाबतीत उपाय १९९८च्या यूएसबी ध्वनी-प्रमाणातच होता. घड्याळाचा स्फटिक रूपांतरकाशेजारी ठेवायचा, आलेले आकडे आधी साठवायचे आणि साठा घटला की संगणकाकडे जास्त मागायचे. या ‘असिंक्रोनस’ पद्धतीत शिट्टी रांगेच्या शेवटच्या मुलाकडे असते. ती घरोघरी रुळायला मात्र बरीच वर्षं लागली.

आणि कानाला कळतं किती? १९९८ साली बेंजामिन आणि गॅनन यांच्या प्रयोगात निवडक शुद्ध स्वरांतही सुमारे १० नॅनोसेकंदांखालचा जिटर ओळखता आला नाही. म्हणजे वरच्या गणिताच्या ऐंशीपट. संगीतात तर त्याहून अधिक लागला. २००५ साली जपानमधल्या चाचणीत सरावलेल्या श्रोत्यांनाही अनियमित जिटर कळायला काहीशे नॅनोसेकंद लागले. असिंक्रोनस रूपांतरक तर तारेतून येणारा ठोका वापरतच नाही. तरीही ‘जिटर घालवणाऱ्या’ महागड्या यूएसबी तारा बाजारात आहेत, आणि त्या खपतातही.