चंद्र पडतो, पण खाली येत नाही

आकाशातला उपग्रह खाली का पडत नाही, असे वर्गातला एखादा मुलगा विचारतोच. गुरुजींनी खुशाल सांगावे, "बाबा रे, तो पडतोच आहे!"

न्यूटनने एक कल्पना केली. उंच डोंगरावर तोफ ठेवली आहे. गोळा जितक्या जोराने सुटेल, तितका दूर जाऊन पडेल. पण पृथ्वी गोल. पुढची जमीनही खाली वळत जाते. गोळा जेवढा खाली येतो तेवढीच जमीनही वळली, तर तो टेकणार कुठे? (या तोफेचे चित्र छापले गेले ते १७२८ साली, न्यूटनच्या मृत्यूनंतर.)

हा वेग फळ्यावर काढता येतो. हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, म्हणजे १६ फूट खाली येतो. आता ७.९ किलोमीटरचा वर्ग करा, ६२.४ येतात. त्यांना पृथ्वीच्या व्यासाने, १२,७४२ किलोमीटरने, भागा. तेच ४.९ मीटर! इतक्या अंतरात जमीन तेवढी वळते. तेव्हा हवेचा अडथळा नसेल, तर सेकंदाला ७.९ किलोमीटर वेग पुरे.

सगळी मदार त्या व्यासावर, आणि न्यूटनचे अडले तेही तिथेच. १६६० नंतरच्या दशकात त्याने चंद्राचा हिशेब मांडला. चंद्र पृथ्वीच्या ६० त्रिज्या दूर. तिथे ओढ ३६०० पटींनी कमी असेल, तर दगड एका सेकंदात पडतो तेवढे पडायला चंद्राला एक मिनिट लागावे. पण हाताशी असलेले पृथ्वीचे माप खऱ्याहून लहान होते. उत्तर जवळपास आले, नेमके बसेना.

फ्रान्समध्ये झाँ पिकारने १६६९-७० साली दुर्बीण बसवलेल्या यंत्रांनी पॅरिसपासून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी टाकून जमीन मोजली. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर भरले. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात न्यूटनने हेच माप घेतले आणि चंद्राचा हिशेब जुळला. सफरचंदाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. मला मात्र ही मोजणी अधिक मोलाची वाटते.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने ८३.६ किलो वजनाचा स्पुटनिक सोडला. तो बराच उंचावरून जाई. वर ओढ कमी, म्हणून त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर. फेरीला ९६ मिनिटे लागत. वरच्या विरळ हवेनेही त्याची गती हळूहळू खाल्ली, आणि जानेवारी १९५८ मध्ये तो खाली येताना जळून गेला.