कपाटाखालची लाख

शिकागोजवळच्या आमच्या घराचं स्वयंपाकघर नवं करायला घेतलं. घर १९२०च्या दशकातलं. जुनं कपाट हलवलं तर खाली मेपलची लाकडी जमीन, मधासारखी नारिंगी. बाकीची झिजून करडी पडलेली. कंत्राटदार म्हणाला, "हे जुनं अमेरिकन पॉलिश. तासून पॉलियुरेथेन मारू."

मी कोपऱ्यात स्पिरिटचे दोन थेंब टाकले. थोड्या वेळाने बोट चिकटलं. लाख! डोंबिवलीच्या घरी सुतारकाका चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून कापडाच्या बोळ्याने कपाट घासायचे, तीच.

त्या काळी अमेरिकेत लाकडी जमिनींना लाख सर्रास लावत, आणि ती यायची मुख्यतः आपल्या छोटा नागपूरकडून. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर इवले किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडतात. ती खरवडायची, धुवायची, लांब कापडी पिशवीत भरून भट्टीपुढे वितळवायची. मग कारागीर तो गरम थर हातांनी, पायांनी आणि चक्क दातांनी धरून ताणायचा, कागदासारखा पातळ होईपर्यंत. त्याचे तुकडे म्हणजे चपडा. कलकत्त्याहून तो जहाजाने निघायचा. ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच. म्हणजे बालगंधर्वांची तबकडी आणि माझी ही जमीन नात्यातल्या निघाल्या. १९४२ साली, युद्धामुळे, अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेवर कडक मर्यादा घातली. आणि या सगळ्याला 'जुनं अमेरिकन' म्हणायचं!

पॉलियुरेथेन जर्मनीतलं, १९३७ सालचं, ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेतलं. जमिनींवर ते बरंच नंतर आलं. स्वयंपाकघरात तेच बरं, हे मलाही पटत होतं. लाखेवर पाणी साचलं की पांढरा डाग पडतो, गरम भांडं टेकलं की खूण उमटते. आमच्याकडे रोज कुकर, रोज आमटी आणि चार वर्षांची मुलगी. मेण असलेल्या जुन्या लाखेवर नवा थर नीट धरतही नाही, त्यामुळे तासणं आलंच.

दोन रात्री मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी यंत्र फिरलं आणि कुणीतरी दातांत धरून ताणलेली ती लाख भुशाच्या पिशवीत गेली.

कपाटाखालचा तुकडा मात्र तसाच ठेवायला सांगितला. "तिथे कोण बघणार आहे?" कंत्राटदाराने विचारलं. मी म्हटलं, राहू दे. संध्याकाळी त्यावर नवं कपाट बसलं.