फायबर बोनेट, कार्बन मडगार्ड: पासिंग एमएच असो वा केए, कायदा काय म्हणतो?

निपाणी : कोगनोळी टोल नाक्यावर थोडा वेळ उभे राहिले तरी एमएच-०९, केए-२२, केए-२३ आणि अधूनमधून गोव्याच्या जीए पासिंगच्या गाड्या एकाच रांगेत दिसतात. त्यात एखाद्या गाडीचे बोनेट काळे, विणलेल्या नक्षीचे असते. जुन्या जीपवर कापडी हूड जाऊन फायबरचा टप आलेला असतो. एखाद्या हॅचबॅकचे मडगार्ड चाकावर चार बोटे बाहेर आलेले असते. गाडीवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘हे चालतंय का?’ आणि गॅरेजमधले उत्तरही ठरलेले, ‘काय होत नाही, बसवा बिनधास्त.’

होते. पण सगळ्याच बाबतीत होत नाही, म्हणून जरा खोलात जाऊन बघूया.

आधी शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे कुठल्याही टणक प्लास्टिकला ‘फायबर’ म्हणायची सवय आहे. खुर्ची फायबरची, मोटारसायकलचे कव्हर फायबरचे, कारचा बंपरही फायबरचा. कंपनीतून येणारा बंपर खरे तर साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा असतो. खरे फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट साच्यात अंथरून तिच्यावर रेझिन चोपडून बनवलेला पत्रा. कार्बन फायबरमध्ये काचेच्या जागी कार्बनचे धागे येतात आणि किंमत कितीतरी पटींनी चढते. बाजारात ‘कार्बन’ म्हणून विकले जाते ते पुष्कळदा फायबरग्लासवर कार्बनचा एकच थर असते, नाहीतर नुसते स्टिकर. हा फरक पुढे विम्याच्या वेळी पैशात मोजावा लागतो.

फायबरला बंदी नाहीच

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. त्यात फायबर, कार्बन, पत्रा यांपैकी एकही शब्द नाही. फायबरची गाडी बेकायदा असती तर आपल्याच राज्यातली बंगळूरची सिपाणींची कंपनी गाड्या विकू शकली नसती. त्यांची तीनचाकी ‘बादल’ आणि १९८२ मध्ये आलेली छोटी ‘डॉल्फिन’ या दोन्हींची बॉडी फायबरग्लासची होती. २००१ मध्ये बंगळूरहूनच आलेल्या ‘रेवा’ या इलेक्ट्रिक गाडीला पत्र्याऐवजी प्लास्टिकचे पॅनेल होते. अमेरिकेत शेवरलेची कॉर्व्हेट तर १९५३ पासून फायबरग्लासच्या बॉडीत धावते आहे.

मग अडते कुठे? या गाड्या तशाच रूपात तपासल्या गेल्या होत्या. आज केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार कंपनीला गाडीचा नमुना पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई अशा सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. मंजुरी त्या नमुन्याला असते. पत्र्याचे बोनेट असलेली गाडी मंजूर झाली आणि आपण गॅरेजमध्ये फायबरचे बसवले, तर रस्त्यावरची गाडी मंजूर झालेल्या गाडीपेक्षा वेगळी झाली. बसचे उदाहरण घ्या. अनेक बसची पुढची बाजू फायबरचीच असते. तिथे चालते, कारण बॉडी बांधणाऱ्याला ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र देऊन बस पास करून घ्यावी लागते. फायबर तेच, फरक कागदाचा.

कलम ५२ काय म्हणते

मालकाने गाडीत असा बदल करू नये की ज्यामुळे आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा या कलमाचा अर्थ. ‘बदल’ म्हणजे काय हेही तिथेच सांगितले आहे: गाडीच्या रचनेत असा फेरफार, की तिचे मूळ वैशिष्ट्य बदलते.

आता आपली आरसी काढून बघा. चेसिस आणि इंजिन नंबर सोडले तरी तिच्यावर बॉडीचा प्रकार, सीट, इंधन, रिकाम्या गाडीचे वजन आणि रंग या नोंदी असतात. शेवटच्या दोन नोंदींकडे कोणी बघत नाही. पांढऱ्या गाडीचे बोनेट, टप आणि डिकी काळ्या कार्बनची झाली तर रंगाची नोंद जुळत नाही. कापडी हूडच्या जीपला कायमचा फायबर टप बसवला तर बॉडीच्या प्रकारावरच प्रश्न येतो. मडगार्ड कापून रुंद केले तर तो सरळसरळ रचनेतला बदल आहे.

वादाला जागा आहे ती एकाच ठिकाणी. मूळ आकाराचे, मूळ रंगाचे, मूळ बिजागरी आणि लॉकवर बसणारे फायबर बोनेट. याने गाडीचे ‘मूळ वैशिष्ट्य’ बदलले का? माझ्या मते, अपघातानंतरच्या दुरुस्तीत कंपनीबाहेरचा सुटा भाग लावल्यासारखेच ते आहे आणि यावरून रस्त्यात अडवले जाण्याची शक्यता कमी. पण हे झाले माझे मत. उद्या मोठा अपघात झाला तर समोरचा वकील हाच मुद्दा उलटा मांडणार, आणि आपल्या हातात दाखवायला कागद नसणार. हेल्मेट किंवा टायरवर जसा आयएसआय शिक्का बघून घेता येतो, तसा गॅरेजमध्ये बनलेल्या बोनेटवर बघायला काही नसते. जर्मनीत बाहेरून घेतलेल्या भागाबरोबर चाचणीचा कागद येतो आणि गरज असेल तिथे टीयूव्हीसारखी संस्था बसवलेला भाग तपासून देते. त्या सोयीची बातमी इकडे अजून पोचलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात काय ठरवले

सीमाभागात एक समज पक्का आहे: ‘महाराष्ट्रात पकडतात, कर्नाटकात चालतं’, किंवा बरोबर याच्या उलट. ९ जानेवारी २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरण यांनी आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात दिलेला निकाल वाचला की हा समज टिकत नाही. केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निर्णय त्यांनी रद्द केला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा बदल करता येणार नाही, असे सांगितले. मात्र आरसीवरचा उरलेला तपशील रीतसर मंजुरी घेऊन बदलता येतो, हेही त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे रंग बदलून नोंद करून घेण्याची वाट उघडी आहे. केंद्राचा कायदा दूधगंगेच्या दोन्ही काठांवर एकच आहे.

शिक्षाही केंद्रीय कायद्यातच आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. बोनेट एक, दोन मडगार्ड, टप, असा हिशेब लावला तर आकडा कुठे जातो ते बघा. जागेवर तडजोड करून भरायची रक्कम मात्र राज्य सरकार ठरवते. पावती इकडे एक आणि तिकडे दुसरी दिसते ती त्यामुळे, गुन्हा वेगळा असतो म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट कलम ५३ ची. गाडीची स्थिती लोकांना धोकादायक आहे किंवा ती नियमांत बसत नाही असे वाटले, तर आपल्या हद्दीतल्या गाडीची नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार त्या हद्दीतल्या अधिकाऱ्याला आहे. मालकाला आधी म्हणणे मांडू द्यावे लागते. पण ‘माझं पासिंग कोल्हापूरचं आहे, बेळगावचा आरटीओ काय करणार’ हा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही.

हलकी होते? हिशेब करून बघा

मी कॉमर्सचा माणूस, पण हा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. पोलादाची घनता ७.८५. कारचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाड धरला तर एक चौरस मीटरचे वजन साडेपाच किलो भरते. हाताने मॅट लावून केलेले फायबरग्लास टिकायला ३ मिलिमीटर तरी जाड लागते. घनता दीडच्या आसपास धरली तर वजन साडेचार किलो. वाचले किती? एक किलो. वर पुट्टी आणि रंग चढला की तेही गेले. खरे कार्बन दीड मिलिमीटरमध्ये भागले तर अडीच किलोच्या आत बसते, पण त्यासाठी मोजायची रक्कम ऐकून बरेच जण फायबरग्लासवरच थांबतात.

खरा मुद्दा टकरीचा आहे. कंपनीच्या बोनेटला आतून सांगाडा असतो आणि समोरून धडक बसली की ते मधोमध दुमडावे अशा रेषा त्यात मुद्दाम ठेवलेल्या असतात. तसे झाले नाही तर अख्खे बोनेट काचेतून आत येऊ शकते. फायबरला पोचा पडत नाही, ते तडकते आणि कडा चाकूसारख्या होतात. पातळ बोनेटला मूळ लॉक नीट बसवले नसेल तर तवंदी घाट उतरून हायवेच्या वेगाला लागल्यावर वाऱ्याने ते उघडण्याची भीती असते. बंपरमागे रडार असलेल्या नव्या गाड्यांत कुठलेही परके पॅनेल बसवणे म्हणजे आंधळी कोशिंबीर. पुढे लोखंडी गार्ड लावण्याविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले, तेही कलम ५२ च्याच आधारे.

विमा आणि नंबर बदलताना

कारच्या प्रमाणित विमा पॉलिसीत घसारा ठरलेला आहे. दुरुस्तीत बदललेल्या प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के कापतात, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के आणि पत्र्यावर गाडीच्या वयानुसार. म्हणजे सर्व्हेअरने बिलावरचे ‘फायबर’ प्लास्टिक म्हणून लिहिले तर १०,००० रुपयांच्या भागावर तुमचे २,००० रुपये जास्त गेले. पण हा हिशेब कंपनीने दिलेल्या किंवा विमा कंपनीला कळवलेल्या भागांचा. न कळवता बसवलेल्या कार्बन बोनेटचे पैसे मागायला गेलात तर आधी पक्के बिल मागतील. कच्च्या चिठ्ठीवर काही मिळत नाही, उलट सगळ्या क्लेमचीच चौकशी लागू शकते.

सीमाभागात गाडी अडकते ती बहुतेक वेळा रस्त्यावर नव्हे, तर कार्यालयात. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि नव्या नंबरासाठी फॉर्म २७. नोकरीसाठी कोल्हापूरहून बेळगावला आलेले, कागलची जुनी गाडी विकत घेतलेले निपाणीकर, सगळ्यांनाच हे करावे लागते. तिथे गाडी दाखवायची वेळ येते आणि आरसीवर पांढरी असलेली गाडी समोर अर्धी काळी उभी राहते. पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंगला नेलेल्या जुन्या जीपचेही तेच. आधीच्या मालकाने काय केले ते सांगून सुटका होत नाही, कारण अर्जावर नाव तुमचे असते.

बदल करायचाच असेल तर आधी आरटीओकडे विचारा. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीतील बदलासाठी वेगळा अर्ज आहे. भाडे-खरेदी करारावरची गाडी असेल तर लेखी संमतीशिवाय हात लावू नका, कलम ५२ मध्येच तशी अट आहे. विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. बंद ट्रॅकवर चालवायच्या गाडीला यातले बरेचसे लागू नाही, पण ती ट्रॅकपर्यंत दुसऱ्या गाडीवर लादून न्यायची, चालवत नाही.

आणि काढलेले मूळ बोनेट भंगारात घालू नका. रंगासकट कोपऱ्यात उभे करून ठेवा, पासिंगच्या आदल्या दिवशी नवे शोधत फिरावे लागणार नाही.